राजाच्या अंगावर चिलखत नाही, माणसं आहेत : १६५१ सालचं हे चित्र वाचायचं कसं?

पहिल्या नजरेत चित्र साधंच वाटतं. डोंगरांच्या मागून एक अवाढव्य राजा वर आलाय. डोक्यावर मुकुट, एका हातात तलवार, दुसऱ्या हातात धर्मगुरूचा दंड. खाली शेतं, वाड्या-वस्त्या आणि एक तटबंदीचं शहर. राजाच्या अंगावर खवल्या-खवल्यांचं चिलखत असावं असं वाटतं.

मग चित्र झूम करून बघा. ती खवली नाहीत, माणसं आहेत. एकाला एक खेटून उभी असलेली, तीनशेहून जास्त माणसं. राजाची छाती, खांदे, दंड, सगळं त्यांचंच बनलेलं आहे. आणि सगळ्यांची पाठ आपल्याकडे आहे.

हे चित्र आहे थॉमस हॉब्ज या इंग्रज विचारवंताच्या ‘लेव्हायथन’ या पुस्तकाचं मुखचित्र. पुस्तक १६५१ साली लंडनमध्ये छापलं गेलं. राज्यशास्त्र शिकलेल्यांनी किंवा यूपीएससीसाठी तो विषय घेतलेल्यांनी ‘सामाजिक करार’ म्हटलं की हॉब्जचं नाव घोकलेलं असतं. पण पुस्तकातला जवळजवळ सगळा मुद्दा पहिल्याच पानावर चित्रात मांडलेला आहे, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. त्या काळच्या युरोपातल्या वाचकाच्या मात्र ते लगेच लक्षात यायचं. कारण अशी चित्रं नुसती बघायची नसतात, ती वाचायची असतात, हे त्याला माहीत होतं.

बरोक म्हणजे काय?

साधारण १६०० ते १७५० या काळात युरोपातल्या कलेत जी भव्य, नाट्यमय आणि बारकाव्यांनी ठासून भरलेली शैली बहरली, तिला बरोक म्हणतात. जुन्या गोव्यात बॉम जेझस बॅसिलिका पाहिलं असेल, तर या शैलीची थोडीफार ओळख आधीच झालेली असते. बघणाऱ्यावर छाप पडली पाहिजे आणि त्याला काहीतरी पटलंही पाहिजे, हा या कलेचा हेतू.

चर्चमधली मोठमोठी चित्रं एका जागी असायची. ती बघायची तर तिथवर जावं लागायचं. छापील चित्राचं तसं नव्हतं. ते कागदावर असायचं, एका पत्र्यावरून शेकडो प्रती निघायच्या आणि पुस्तकासोबत गावोगावी, देशोदेशी पोहोचायच्या. त्या काळात एखादं चित्र ‘व्हायरल’ होण्याचा रस्ता हाच होता.

चित्र छापायला तांब्याचा गुळगुळीत पत्रा लागायचा. एका पद्धतीत ‘बुरिन’ नावाच्या टोकदार पोलादी हत्याराने पत्र्यावर थेट रेषा कोरत. दुसऱ्या पद्धतीत पत्र्यावर लेप द्यायचा, तो सुईने खरवडून चित्र काढायचं आणि पत्रा आम्लात ठेवायचा. लेप निघाला असेल तिथेच आम्ल तांबं खातं आणि रेष खोल होते. मग पत्र्यावर शाई चोळायची, वरची पुसून घ्यायची. शाई फक्त कोरलेल्या रेषांत उरते. त्यावर ओलसर कागद ठेवून दोन रुळांमधून दाबून काढला की चित्र कागदावर उतरतं.

यात एक गोम आहे. छापताना चित्र उलटं होतं. म्हणजे कागदावर राजाच्या उजव्या हातात तलवार दिसायला हवी, तर पत्र्यावर ती डाव्या हातात कोरावी लागते. शिवाय एकदा कोरलेली रेष सहजासहजी खोडता येत नाही. इतक्या मेहनतीच्या कामात कोणी उगाच काही काढत बसत नाही. म्हणूनच चित्रातली प्रत्येक लहानसहान वस्तू ‘ही इथे का आहे?’ असं विचारून बघण्यासारखी असते.

चित्रांचाही शब्दकोश होता

देवळातली मूर्ती कोणाची, हे आपण हातातल्या वस्तूंवरून ओळखतो. शंख-चक्र दिसलं की विष्णू. त्रिशूळ-डमरू दिसला की शंकर. कोणी समजावून सांगावं लागत नाही.

युरोपातही अशीच एक सांकेतिक भाषा होती आणि तिची चक्क पुस्तकं निघाली होती. १५३१ साली आंद्रेआ अल्चाती या इटालियन कायदेपंडिताचं प्रतीकचित्रांचं पुस्तक निघालं. त्यात प्रत्येक चित्रासोबत एक बोधवाक्य आणि छोटी कविता होती. पुढे १५९३ साली रोममध्ये चेझारे रीपा याचं ‘इकोनोलोजिया’ आलं आणि १६०३ साली त्याची सचित्र आवृत्ती निघाली. न्याय, सत्य, लोभ, कीर्ती, मैत्री अशा न दिसणाऱ्या गोष्टी चित्रात कशा दाखवायच्या, याचा तो कोशच होता. रीपाने सत्य दाखवलं ते हातात सूर्य धरलेल्या विवस्त्र स्त्रीच्या रूपात. कारण सत्य काही लपवत नाही आणि ते प्रकाशासारखं असतं. युरोपभरचे चित्रकार आणि कोरक्ये हा कोश वापरू लागले.

इथे दोन शब्द वेगळे करून घ्यायला हवेत. प्रतीक म्हणजे एखादी वस्तू दुसऱ्याच गोष्टीसाठी उभी राहणं. तराजू म्हणजे न्याय, कवटी म्हणजे मरण, वाळूचं घड्याळ म्हणजे निसटून जाणारा वेळ. रूपक म्हणजे अशी अनेक प्रतीकं एकत्र येऊन काहीतरी सांगू लागणं. प्रतीक हा शब्द मानला, तर रूपक हे अख्खं वाक्य.

आणि वाक्य आलं की त्यात मतही येतं. १६५१ सालीच इटलीतल्या बोलोन्या शहरात जोव्हान्नी बात्तिस्ता रिच्चोली या जेझुइट खगोलशास्त्रज्ञाचा एक जाडजूड ग्रंथ निघाला. त्याच्या मुखचित्रात एक देवी तराजू धरून उभी आहे. एका पारड्यात कोपर्निकसची विश्वरचना, सूर्य मधोमध असलेली. दुसऱ्या पारड्यात रिच्चोलीने स्वतः सुचवलेली रचना, पृथ्वी स्थिर ठेवणारी. बाजूला शरीरभर डोळे असलेला, ग्रीक पुराणातला आर्गस दुर्बीण घेऊन उभा आहे. जुना पंडित टॉलेमी खाली आडवा झालाय, त्याची रचनाही त्याच्याजवळ पडून आहे.

जड कोणतं पारडं झालं? अर्थात रिच्चोलीचं. पुस्तक उघडायच्या आधीच निकाल लागलेला!

पुढे विज्ञानाने कौल दुसऱ्या बाजूला दिला, हे आपल्याला माहीत आहे. गंमत म्हणजे याच ग्रंथातल्या चंद्राच्या नकाशात रिच्चोलीने एका ठळक विवराला कोपर्निकसचं नाव दिलं आणि ते आजही तसंच आहे. सांगायचा मुद्दा असा की, ही चित्रं नुसती माहिती देत नाहीत. ती एखाद्या वकिलासारखी बाजू मांडतात. ‘लेव्हायथन’चं चित्रही असंच बाजू मांडणारं आहे. फक्त तिथे वाद ग्रहताऱ्यांचा नव्हता, जिवावर बेतलेला होता.

राजाचं डोकं उडवलेला देश

१६४२ साली इंग्लंडमध्ये यादवी युद्ध पेटलं. एका बाजूला राजा पहिला चार्ल्स, दुसऱ्या बाजूला पार्लमेंट. कर कोणी लावायचा, सैन्य कोणाच्या हुकमात राहणार, चर्च कसं चालणार, यावरून माणसं एकमेकांचे गळे कापत होती. ३० जानेवारी १६४९ रोजी लंडनमध्ये, लोकांच्या डोळ्यांदेखत राजाचा शिरच्छेद झाला. पाठोपाठ राजेशाही रद्द झाली आणि इंग्लंड प्रजासत्ताक झालं.

हॉब्ज तेव्हा पॅरिसमध्ये होता. वादळाची चाहूल लागताच १६४० साली त्याने इंग्लंड सोडलं होतं. मारल्या गेलेल्या राजाचा मुलगा, पुढे दुसरा चार्ल्स झालेला राजपुत्र, हाही परागंदा होऊन तिथे आला होता. हॉब्जने काही काळ त्याला गणित शिकवलं.

देश डोळ्यांसमोर मोडलेला पाहिलेल्या या माणसाने एकच प्रश्न धरला. माणसं एकमेकांना मारायची कधी थांबतील?

त्याचं उत्तर असं होतं. वर कोणतीही सत्ता नसेल, तर माणूस माणसाच्या भीतीत जगतो. शेती नाही, व्यापार नाही, विद्या नाही, आहे ती फक्त मरणाची धास्ती. म्हणून सगळे मिळून एक करार करतात. आपापली ताकद एकाच्या हाती सोपवतात आणि बदल्यात संरक्षण मिळवतात. त्यातून राज्य नावाचा एक कृत्रिम माणूस तयार होतो. बायबलमधल्या ईयोबाच्या पुस्तकात लेव्हायथन नावाच्या प्रचंड जलचराचं वर्णन आहे. हॉब्जने या कृत्रिम माणसाला तेच नाव दिलं. मुखचित्राच्या सर्वांत वर ईयोबातलीच लॅटिन ओळ कोरली आहे. पृथ्वीवर याच्या तोडीची शक्ती नाही, असा तिचा अर्थ.

हे चित्र कोणी काढलं? त्यावर सही नाही. पण बहुतेक अभ्यासक ते अब्राहम बॉस या फ्रेंच कोरक्याचं मानतात. बॉस पॅरिसमध्येच काम करत होता आणि १६४५ साली त्याने तांब्यावर चित्रं कोरण्याच्या तंत्रावर स्वतःचा ग्रंथ काढला होता. हॉब्जही पॅरिसमध्ये असल्याने, चित्रात काय हवं हे त्याने जवळ बसून सांगितलं असावं, असं मानलं जातं.

आता चित्राकडे परत जाऊ.

दोन हात, दोन खांब

आधी राजाचे हात बघा. उजव्या हातात तलवार, म्हणजे राजसत्ता. डाव्या हातात बिशपचा दंड, म्हणजे धर्मसत्ता. वरून वळलेला हा दंड मुळात मेंढपाळाच्या काठीसारखा असतो. धर्मगुरू हा कळप राखणारा, अशी त्यामागची कल्पना.

युरोपात शेकडो वर्षं या दोन सत्ता वेगवेगळ्या हातांत होत्या आणि भांडत होत्या. चित्रात त्या एकाच माणसाच्या दोन हातांत आहेत. हॉब्जचा सर्वांत धाडसी दावा एवढ्यातच आला. चर्चनेही राज्याच्या हुकमात राहावं. एका घरात दोन मालक झाले की घर मोडतं.

चित्राच्या खालच्या अर्ध्या भागात मधोमध पडदा आहे, त्यावर पुस्तकाचं नाव. पडद्याच्या दोन्ही बाजूंना पाच-पाच चौकटी आहेत. तलवारीखालच्या चौकटी राजसत्तेच्या, दंडाखालच्या धर्मसत्तेच्या. त्या वरून खाली वाचायच्याच, पण समोरासमोरही वाचायच्या. खरी मजा तिथे आहे.

पहिल्या जोडीत किल्ल्यासमोर चर्च.

दुसऱ्या जोडीत मुकुटासमोर बिशपची उंच टोपी.

तिसऱ्या जोडीत तोफेसमोर आकाशातून पडणारी वीज. ही वीज म्हणजे चर्चमधून वाळीत टाकण्याची शिक्षा. तोफ शरीराला मारते. वाळीत टाकलेला माणूस जिवंत राहतो, पण समाजातून उठतो.

चौथी जोडी सर्वांत खोडकर. डावीकडे बंदुका, भाले, निशाणं, नगारा असा युद्धाचा सगळा सरंजाम. समोर काय? त्रिशूळ आणि दोन टोकांचे काटे, त्यांच्या टोकांवर शब्द लिहिलेले. त्रिशुळावर ‘सिलॉजिझम’, म्हणजे पंडितांची तर्क लढवण्याची पद्धत. एका काट्याच्या दोन टोकांवर ‘आध्यात्मिक’ आणि ‘ऐहिक’. समोर पडलेल्या शिंगांच्या जोडीवर ‘डिलेमा’, म्हणजे इकडे आड, तिकडे विहीर. धर्मपंडितांचे शब्द हीसुद्धा शस्त्रंच आहेत, असं हॉब्ज सांगतोय. आध्यात्मिक सत्ता वेगळी आणि ऐहिक सत्ता वेगळी, हा भेदच त्याला माणसांच्या मनात फूट पाडणारं हत्यार वाटत होता.

पाचव्या जोडीत रणांगणासमोर धर्मगुरूंची सभा. एकीकडे घोडदळ भिडलंय, दुसरीकडे माणसं बाकांवर शिस्तीत बसली आहेत. हॉब्जच्या लेखी दोन्हीकडे लढाईच चालू आहे.

पुस्तकात शेकडो पानांत जे सांगितलंय, ते इथे वहीच्या पानाएवढ्या जागेत बसवलंय.

शहर रिकामं का आहे?

आता राजाच्या पायथ्याचं शहर बघा. घरं नीट ओळीत, चर्च उंच, रस्ते स्वच्छ. पण रस्त्यांवर माणसं जवळजवळ नाहीतच. बारकाईने शोधलं तर काही सैनिक दिसतात. आणि चर्चजवळ अगदी चिमुकल्या दोन आकृत्या दिसतात, पक्ष्याच्या चोचीसारखे मुखवटे घातलेल्या. ते प्लेगचे डॉक्टर असावेत, असं काही अभ्यासकांनी दाखवून दिलं आहे. त्या काळी प्लेगच्या रुग्णांना तपासणारे वैद्य असे मुखवटे घालत. कोरोनाच्या लाटेत, रस्ते ओस पडलेले असताना, या दोन आकृत्यांची पुन्हा जोरात चर्चा झाली होती.

सैनिक आणि डॉक्टर एवढेच रस्त्यावर, म्हणजे संरक्षण आणि आरोग्य ही राज्याची पहिली कामं, असा अर्थ काही जण लावतात. पण मग बाकीचं गाव गेलं कुठे?

उत्तर वर आहे. ती सगळी माणसं राजाच्या अंगात आहेत. शहर रिकामं झालं, कारण शहरच राजा झालं.

एकाच चित्राच्या दोन आवृत्त्या

एवढ्या माणसांचा मिळून एक माणूस, ही कल्पना हॉब्जला सुचली कशी? एक धागा पॅरिसमध्येच सापडतो. तिथला जाँ-फ्रान्स्वा निसेरॉन हा धर्मगुरू दृष्टिभ्रमाच्या करामतींसाठी प्रसिद्ध होता. त्याच्या एका चित्रफलकावर ऑटोमन सुलतानांचे बरेच चेहरे काढलेले होते. पैलू पाडलेली काच बसवलेल्या नळीतून पाहिलं की त्या चेहऱ्यांचे तुकडे जुळून फ्रान्सच्या राजाचा एकच चेहरा दिसायचा. प्रकाश आणि दृष्टी हा हॉब्जचा आवडता विषय होता, आणि अनेक चेहऱ्यांतून एक चेहरा दाखवणाऱ्या अशा काचेचा उल्लेख त्याने स्वतः केलेला आहे. त्या काचेने चेहऱ्यांचं जे केलं, तेच करार माणसांचं करतो.

पण चित्रातली सर्वांत विचार करायला लावणारी गोष्ट वेगळीच आहे. छापील पुस्तकात ती तीनशेवर माणसं पाठमोरी आहेत, सगळ्यांची नजर राजाच्या चेहऱ्याकडे. मात्र हॉब्जने परागंदा राजपुत्राला या ग्रंथाची एक सुंदर हस्तलिखित प्रत भेट दिली होती. त्या प्रतीतल्या हाताने काढलेल्या चित्रात माणसांचे चेहरे बाहेर वळलेले आहेत, चित्र बघणाऱ्याच्या दिशेने.

हा फरक का, याचं उत्तर हॉब्जने लिहून ठेवलेलं नाही. पण चित्र कोणाच्या हातात पडणार होतं, हे पाहिलं की एक अर्थ लागतो. हस्तलिखित उघडणारा उद्याचा राजा होता. त्याने पान उघडलं की प्रजा त्याच्याकडे बघत असणार, जणू ‘आम्ही आहोत म्हणून तुम्ही आहात’ असं सांगत. छापील पुस्तक उघडणारा सामान्य वाचक होता. त्याला दिसतात त्या त्याच्यासारख्याच माणसांच्या पाठी. तोही त्याच गर्दीत उभा आहे, त्याच दिशेने बघत.

आणि आणखी एक. छाती माणसांची, हात माणसांचे, पण राजाचं डोकं मात्र अख्खं आहे. ते कोणाचंही बनलेलं नाही. तोच चेहरा सरळ वाचकाच्या डोळ्यांत बघतो. शरीरातली माणसं एकमेकांकडे मात्र बघत नाहीत. हे राज्याचं बळ आहे की या राज्यातला धोका, यावर साडेतीनशे वर्षांहून जास्त काळ वाद चालू आहे.

चित्र छापलं, पुढे काय?

ज्या देशाने दोनच वर्षांपूर्वी राजाचं डोकं उडवलं, त्याच देशाच्या राजधानीत मुकुट घातलेल्या महाकाय राजाचं चित्र विकायला आलं. तरी पुस्तक राजाच्या बाजूचंही नव्हतं. जी सत्ता संरक्षण देऊ शकते तिचं ऐका, हा हॉब्जचा हिशोब. मग प्रजासत्ताक संरक्षण देत असेल तर त्याचंही ऐकावं लागणार. चर्चला राज्याच्या हाताखाली ठेवल्यामुळे राजपुत्राभोवतीचे धर्मगुरू भडकले. पॅरिसमध्ये हॉब्जला दरबाराची दारं बंद झाली आणि तो इंग्लंडला परतला.

१६६० साली राजेशाही परत आली. दुसऱ्या चार्ल्सने आपल्या जुन्या गुरूला जवळ केलं, पण पुस्तकावरचा राग शमला नाही. १६६५ चा प्लेग आणि १६६६ ची लंडनची भीषण आग हा देवाचा कोप मानला गेला, आणि त्याच वर्षी पार्लमेंटमध्ये नास्तिकतेविरुद्धच्या विधेयकावर चर्चा करताना ‘लेव्हायथन’चं नाव घेतलं गेलं. हॉब्ज १६७९ साली, वयाच्या ९१ व्या वर्षी वारला. १६८३ साली ऑक्सफर्ड विद्यापीठाने त्याची पुस्तकं जाहीरपणे जाळली.

पुस्तकं जळली, पण चित्र टिकलं. सरकार म्हणजे काय, याची चर्चा निघाली की आजही हा माणसांचा राजा कुठल्या ना कुठल्या मुखपृष्ठावर किंवा व्यंगचित्रात हजर होतो.

तेव्हा संग्रहालयाच्या साइटवर किंवा फीडमध्ये असं एखादं जुनं कोरीव चित्र समोर आलं, तर पुढे सरकण्याआधी चार गोष्टी बघायच्या. कोणाच्या हातात काय आहे? कशासमोर काय ठेवलंय? तराजू असेल तर पारडं कुठे झुकलंय? आणि कोण कोणाकडे बघतंय? एवढं पाहिलं की चित्र स्वतःहून बोलायला लागतं.

‘लेव्हायथन’च्या बाबतीत तर शेवटचा प्रश्न अजून सुटलेला नाही. राज्य माणसांचं बनलेलं असतं, हे चित्र बघणाऱ्या कोणालाही पटतं. त्या माणसांचे चेहरे कुठल्या दिशेला असावेत, हे मात्र हॉब्जच्या दोन चित्रांनीच दोन तऱ्हांनी सांगून ठेवलं आहे.